मानेमागचे केस

यू चांगहेच्या घरी केस रंगवायचं काम वर्ष सरता सरता व्हायचं. घर झाडून झालं, डुकराचं मांस चुलीवर धुराला टांगून झालं, की त्याची बायको फेंगझेन अंगणातून हाक मारायची, "अहो, बसा आता."

तो बुटक्या स्टुलावर बसायचा. ती त्याच्या खांद्यावर जुना टॉवेल टाकायची आणि वाटीत रंग कालवायची. पुढचे केस तो आरशात बघून स्वतःच रंगवू शकला असता, पण मागचे कोणालाच स्वतःला जमत नाहीत. ती कान बोटाने दुमडायची, कानामागे ब्रश फिरवायची, मग मान खाली दाबून मानेवरचे केस. सगळं झालं की कंगव्याने टाळूवर एकदा टक करून मारायची. म्हणजे उठा.

नवं वर्ष लागायच्या आत हे उरकावं लागे. वर्षाच्या पहिल्या महिन्यात केसांना हात लावला की मामा मरतो, असं त्या डोंगरात सगळे मानतात. आणि चांगहेचा मामा जिवंत होता. पंच्याऐंशीचा, वरच्या आळीत एकटा राहायचा. फेंगझेन त्याला फार जपायची.

रंग हौसेचा नव्हता. चांगहे निंगबो शहरात फरशा बसवायचा. पन्नाशी उलटली तसे केस पांढरे झाले, आणि पांढऱ्या डोक्याच्या माणसाला बांधकामावर कोणी उभं करत नाही. साठीपुढच्यांना बंदीच आहे. चांगहेला साठीला तीन वर्षं होती, पण फाटकावरचा माणूस ओळखपत्र नंतर बघतो, डोकं आधी.

नवा रंग उशीला लागतो म्हणून तोच टॉवेल मग काही दिवस उशीवर असायचा. पंधरवड्याने तो शहरात जायला निघाला की त्या सकाळी फेंगझेन टॉवेल धुऊन दोरीवर टाकायची. बाजाराच्या चौकातून निघालेली बस गावाखालच्या वळणावर आली की वर त्यांचं अंगण दिसतं. दरवर्षी त्या वळणावर तो मान वर करून बघायचा. काळे डाग पडलेला टॉवेल दोरीवर असायचा.

मागच्या शरदात फेंगझेन पोटातल्या गाठीने गेली.

तिच्या आजाराच्या आधी रोगाची साथ होती, तेव्हा शहरातली कामं बंद पडली आणि चांगहे गावी आला. मग तिचं दुखणं निघालं, म्हणून तो राहिला. तोवर शहर पुन्हा उभं राहिलं. मुलगी यान तिकडे एका चहाच्या दुकानात कामाला होती. ती फोनवर सांगायची, "बाबा, इथे सगळं पहिल्यासारखं झालंय. दुकानासमोर रांगा लागतात." गावात मात्र पहिल्यासारखं काही झालं नाही. बाजारात हातमोजे शिवायचा छोटा कारखाना होता, फेंगझेन तिथे शिवणाला जायची. साथीत तो बंद पडला. पुढे एक ट्रक आला आणि मशिनं भरून घेऊन गेला. आता त्या जागेत कोणी कोंबड्यांचं खाद्य ठेवतं. खानावळीचं शटर उघडलंच नाही. टीव्हीवर सांगत होते की धंदे सावरले. गावातली माणसं ऐकायची, मान हलवायची आणि मक्याची दारू ओतून घ्यायची.

यंदा वर्ष सरलं तेव्हा चांगहेला अंगणातून कोणी हाक मारली नाही. रंगाची डबी कपाटात होती, तिनेच आणून ठेवलेली. त्याने ती काढली नाही. दारावर नव्या वर्षाचा लाल कागदही लावला नाही. दुखवट्याच्या वर्षी लावत नाहीत. आपल्याला कुठे जायचंय आता, असं त्याला वाटलं होतं. मुलगी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होती. तो उठायचा, चूल पेटवायचा, दोन वाट्या काढायचा, आणि एक परत ठेवायचा.

पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाच्या दुपारी कुआंगचा फोन आला. कुआंग शेजारच्या गावचा, माणसं गोळा करून शहरात नेणारा मुकादम.

"काका, निंगबोत मोठं काम निघालंय. फरशीवाले हवेत. उद्या सकाळी बाजाराच्या चौकात या."

"येतो," चांगहे म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण विचार न करता हो म्हणालो. छातीत काहीतरी हललं. कित्येक महिन्यांत हललं नव्हतं. मग त्याने आरशात बघितलं. डोकं पांढरं शुभ्र होतं.

बाजारातला न्हावी या महिन्यात दुकान उघडत नाही, गिऱ्हाईकच नसतं. तो लेकाकडे गेला होता. डाव्या-उजव्या दोन्ही घरांना कुलपं होती. चांगहेने डबी काढली, पुढचे केस रंगवले, कानावरचे रंगवले. मग हात मागे नेऊन अंदाजाने ब्रश फिरवला. भिंतीवरचा आरसा आणि हातात दाढीचा आरसा धरून बघितलं. मागे पांढऱ्यावर दोन काळे फराटे होते, अंगणात कोंबडी चिखलाच्या पायाने फिरावी तसे.

तो वाटी, ब्रश आणि टॉवेल घेऊन वरच्या आळीत गेला.

"मामा, आहात का?"

"आहे अजून. का, निराशा झाली?" थिएन मामा दारात उन्हाला बसून चिलीम ओढत होता. त्याने डोळे बारीक केले. "डोक्याला काय झालं तुझ्या? पुढून कोळसा, मागून राख."

"उद्या कुआंगची बस आहे. मागचं जमत नाही."

मामाने वाटीकडे बघितलं. "महिना कोणता चाललाय?"

"पहिला."

"आणि तू आलास कोणाकडे? माझ्याकडे! अरे, खुनी माणूससुद्धा मागून वार करतो. तू सुरी माझ्याच हातात देतोस."

"रंग आहे मामा, कात्री नाही."

"केसाला हात लागला ना? तुझ्या बायकोने इतकी वर्षं पाळलं. ती गेली आणि तुला मामा जड झाला."

चांगहेने वाटी खाली ठेवली. मग टॉवेल खांद्यावर टाकून परत वळला. "राहू द्या. माझं चुकलं. मी यायलाच नको होतं."

"थांब. जायचंय कशाला तुला तिकडे? पोरगी पैसे पाठवते. जेवायला आहे, झोपायला आहे. सत्तावन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून लोकांच्या मोऱ्यांना फरशा लावायची हौस आहे?"

"हौस नाही."

"मग?"

चांगहेला नीट बोलता येत नसे. तो दाराच्या चौकटीकडे बघत बोलला. "इथे असलो की ती नाही, हे दिवसभर दिसतं. चुलीपाशी नाही, विहिरीवर नाही. मी तिकडे असायचो तेव्हा ती इथे असायची, मामा. वीस वर्षं. मी निंगबोत आणि ती घरी. फरशी लावताना मला माहीत असायचं की आता ती कोंबड्या कोंडत असेल, आता पाय धूत असेल. तिकडे गेलो तर पुन्हा तसं वाटेल. म्हणजे, ती घरी आहे असं."

मामाची चिलीम विझली होती. त्याने ती पायरीवर आपटून राख झाडली.

"बस," तो म्हणाला.

"मामा, खरंच राहू द्या—"

"बस म्हणतो ना! आता पंच्याऐंशीला मेलो तर म्हातारा वयाने गेला म्हणतील, भाच्याने मारला असं कोणी म्हणणार नाही. आणि मेलो नाही, तर त्या शकुनात दम नाही हे गावाला कळेल. कसंही झालं तरी मी जिंकतो. मान खाली घाल."

चांगहेने मान खाली घातली. मामाचे हात थरथरत होते आणि डोळ्यांना धूसर दिसायचं, त्यामुळे त्याने कमी लावण्यापेक्षा जास्त लावायचं ठरवलेलं दिसत होतं. थंड रंग मानेवरून पाठीत उतरला. कान दुमडायचे असतात हे मामाला ठाऊक नव्हतं. तो कानांवरूनच ब्रश मारत गेला. मधूनमधून स्वतःशीच म्हणायचा, "मेलो नाही अजून. हे बघ, अजून नाही मेलो."

मग ब्रश थांबला. चांगहे तसाच मान खाली घालून बसून राहिला. ऊन भिंतीवर चढलं.

"अरे, ऊठ की," मामा म्हणाला. "कधीच झालं. कसली वाट बघतोयस?"

टाळूवरच्या त्या टक्‌ची वाट बघत होता, हे चांगहेने सांगितलं नाही. तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत खाली आला. चांगहेने त्याला किल्ली दिली, कोंबड्यांचं खाद्य कुठे आहे ते दाखवलं. उशीवर टॉवेल पसरलेला होता, तो तसाच राहिला.

"मागचं मी बघतो," मामा म्हणाला. "तू पुढचं बघ. आणि ऐक, कोणाला मामा आहे म्हणून सांगू नकोस. पहिल्या महिन्यात रंगलेलं डोकं बघून लोक मला खांदा द्यायला येतील."

चौकात बस उभी होती आणि तिच्यासमोर माणसं. सगळ्यांची डोकी काळी कुळकुळीत, खाली चेहरे वाळल्या मिरचीसारखे. कोणी कोणाच्या डोक्याकडे बघत नव्हतं. कुआंग गळ्यात मफलर घालून रांगेतून फिरत होता. चाळिशीचा, जाडा, आवाजाने मोठा. तो चेहरे बघत नव्हता. प्रत्येकाच्या मागे जाऊन उभा राहायचा.

"टोपी काढा."

चांगहेच्या पुढच्या माणसाने टोपी काढली. पुढून केस काळे होते. मागे माळावरच्या गवतावर दव पडावं तसं पांढरं.

"काका, पुढून तुम्ही पंचेचाळीस, मागून सत्तर," कुआंग म्हणाला. "फाटकावरचा माणूस तुम्हाला पाठमोरं आत जाताना बघतो, समोरून येताना नाही. मग माणूस माझ्याकडे परत पाठवतात. घरी कोणी नाही का मागून रंगवायला?"

"बायको शहरात आहे, लेकाचं पोर सांभाळते," तो माणूस म्हणाला. "कुआंग, मी टोपी काढणारच नाही."

"साइटवर हेल्मेट काढूनच फाटकावर उभं करतात. पुढच्या खेपेला बघू."

त्या माणसाने टोपी घातली, बोचकं उचललं आणि आल्या रस्त्याने निघाला. रांगेत कोणी हसलं नाही.

कुआंग चांगहेच्या मागे आला. चांगहेला मानेवर त्याचा श्वास लागला. त्याने डोळे मिटले. फेंगझेन असती तर कुआंग आत्तापर्यंत पुढे गेला असता.

"आयला!" कुआंग म्हणाला. "हे काय! केस काळे, मान काळी, कानसुद्धा काळे! काका, डांबराच्या पिंपात पडलात काय?"

रांग हसली. मगाशी न हसलेले सगळे हसले.

"कोणी रंगवलं हे?"

खोटं सुचलं नाही. "मामांनी."

"मामांनी? पहिल्या महिन्यात? स्वतः?" कुआंग पुढे येऊन त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. "म्हाताऱ्याला जगायचा कंटाळा आलाय का?"

"नाही. सकाळी ठणठणीत होते."

कुआंगने त्याच्या कानाला बोट लावून बघितलं. बोट काळं झालं नाही. "पण पांढरा एक नाही सोडला हं. चढा. कान घासा तेवढे. आणि हे बघा, साइटवर मी तुम्हाला काका म्हणणार नाही, दादा म्हणणार. दादा दिसायला पाहिजे. ताठ चाला."

चांगहे ताठ चालत बसमध्ये चढला. डाव्या खिडकीची जागा रिकामी होती. दरवर्षी तो तिथेच बसायचा, वर अंगण दिसतं म्हणून. आज तो आतल्या बाजूला बसला. शेजारी खिडकीशी एक अनोळखी माणूस येऊन बसला, खालच्या खोऱ्यातला. त्याच्या पिशवीत धुरावलेल्या मांसाचा तुकडा होता, त्याचा वास सगळ्या बसमध्ये भरला. बस निघाली. मागे कोणी पत्ते काढले. पुढे कोणी आधीच घोरत होतं.

चांगहेने ठरवून ठेवलं होतं. वळणावर बघायचं नाही. बघितलं की दोरी रिकामी दिसणार, आणि एकदा दिसली की निंगबोपर्यंत तीच दिसत राहणार. न बघता गेलं तर पूर्वीचंच अंगण डोक्यात राहील. त्यासाठीच तर तो निघाला होता.

रस्ता उतरला, पूल गेला, बांबूची झाडं गेली. वळण आलं. बस हळू झाली. चांगहेने मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

खिडकीतला माणूस बाहेर बघत होता. "काय गाव आहे!" तो म्हणाला. "सगळी घरं बंद. कुठे धूर नाही." मग खिडकीला नाक लावून म्हणाला, "नाही, एक आहे. त्या वरच्या अंगणात काहीतरी वाळत घातलंय. डागाडागाचं, टॉवेल दिसतोय. तेवढं एकच घर जागं आहे."

चांगहेने मान वर केली नाही.

"ते माझं घर," तो म्हणाला.

"हो? मग कोण आहे घरी?"

बसने वळण घेतलं. पत्तेवाल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, कोणीतरी शिवी दिली. चांगहेचा हात मानेमागे गेला, जिथे रंगाने कातडी अजून ताठ होती.

"बायको," तो म्हणाला. "मी निघालो की दरवर्षी धुऊन टाकते."