झोपेची गोळी लिहिणारा नापास

नव्या डॉक्टरांना औषधं लिहायला शिकवणं हे माझं काम. लोकांना वाटतं, त्यात काय शिकवायचं, नावं पाठ केली की झालं. नावं पोपटालाही पाठ होतात. कुणाला, कशासाठी, किती, कुठवर आणि मुळात हवंच आहे का, एवढं विचारून झाल्यावर पेन उघडायचं असतं. हे मी शिकवते आणि उत्तम शिकवते. उगाच विनयाचा आव आणायला मला वेळ नाही. माझी परीक्षा पास झाल्याशिवाय आमच्या हॉस्पिटलात कुणाची चिठ्ठी औषधांच्या खिडकीवर चालत नाही, मग तो कितीही हुशार असो.

त्या वर्षीचा सगळ्यात हुशार मुलगा या परीक्षेत दोनदा आपटला होता. वर्गात त्याला सगळे सढळराव म्हणायचे. वडिलांचं किराणा दुकान, लहानपण गल्ल्यामागे गेलेलं. आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हे बाळकडू. तेच त्याने पेशंटला लावलं. एकाला खोकला होता, तर याने खोकल्याचं औषध दिलं. त्या औषधाने बद्धकोष्ठ झालं, तर पोट साफ व्हायचं औषध दिलं. खोकला मुळात ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे येत होता, ती बदलायची सोडून याने अख्खं दुकान मांडलं होतं.

"अहो, औषध द्यायला बसलाय की आहेर करायला?" मी भर वर्गात विचारलं होतं. सगळे खो खो हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा नापास झाला असता, तर त्याला हॉस्पिटल सोडावं लागलं असतं. मुलगा मला आवडायचा, म्हणूनच मी त्याला जास्त बोलायचे.

परीक्षेत खरे पेशंट नसतात. आम्ही माणसांना भूमिका देतो आणि ती पेशंट होऊन येतात. त्यातला माझा हुकमी एक्का म्हणजे माझा सख्खा मामा. आयुष्यभर नोकरी सांभाळून हौशी नाटकांत कामं केलेला माणूस. पोटदुखी द्या, धाप द्या, असा वठवतो की नर्सबाई धावत येतात. संवाद तर कधी म्हणजे कधी विसरत नाही. उलट इतरांचे चुकलेले शब्द दुरुस्त करतो.

या वेळची भूमिका मीच लिहिली होती. म्हातारा झोप येत नाही म्हणून येतो आणि झोपेच्या गोळीसाठी हटून बसतो. खरी गोम अशी, की तो ब्लडप्रेशरची, लघवी जास्त करणारी गोळी रात्री जेवल्यावर घेतो. मग रात्रभर न्हाणीच्या वाऱ्या. ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली की प्रश्न मिटला. झोपेची गोळी दिली, तर म्हातारा अंधारात गुंगीत उठणार आणि पडणार. म्हणून गुणांच्या कागदावर मी ठळक लिहिलं होतं, झोपेची गोळी लिहिणारा थेट नापास. हा सापळा सढळरावासाठीच आहे, हे कुणालाही कळलं असतं.

मी आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कोपऱ्यात खुर्च्या टाकून बसलो. बाई शिस्तीच्या. सढळराव टेबलामागे आणि त्याच्यासमोर मामा.

"डॉक्टर, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही," मामाने सुरुवात केली. "बाकी काही तपासू नका. झोपेची गोळी लिहा आणि मला मोकळं करा."

सढळरावाचा हात पेनाकडे गेला. पण त्याने पेन बाजूला सारलं.

"लिहू, काका. आधी मला सांगा, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? आणि कोणती कधी घेता?"

दोन मिनिटांत त्याने गोम पकडली. "ही गोळी उद्यापासून सकाळी चहाबरोबर घ्यायची. रात्रीची उठबस निम्म्याने कमी होईल." मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. आता फक्त गोळी द्यायला नकार द्यायचा, की गंगेत घोडं न्हालं.

"बरं, झोपेची गोळी याआधी कधी घेतलीत?" त्याने सहज विचारलं.

भूमिकेतलं उत्तर होतं, छे, कधीच नाही. मामा गुडघ्यावर हात चोळत राहिला.

"घेतो की. रोज," तो म्हणाला. "शेजारचे आजोबा देतात त्यांच्यातली. बायको गेली तेव्हापासून."

माझ्या भूमिकेतल्या म्हाताऱ्याची बायको ठणठणीत होती. म्हातारा झाला बाई मामा, संवाद विसरला, असं मला वाटलं आणि मी कपाळाला हात लावला.

"त्या गुंगीत कधी पडलात?"

"एकदा. न्हाणीत. भाचीला सांगितलं, कपाटाचं दार लागलं."

ती भाची मीच. मी मामाच्या भुवईवरचा व्रण पाहिला. त्या दिवशी मीच त्याला मलम लावलं होतं आणि कपाट हलवून घे म्हणून दम दिला होता.

सढळरावाने खुर्ची पुढे ओढली. "काका, रोज घेताय तर ती एकदम बंद करायची नाही. जिवाची तगमग होईल, क्वचित झटकेही येऊ शकतात. हळूहळू उतरवू. शेजाऱ्यांकडून मात्र आता घ्यायची नाही. मी आठवड्यापुरतीच लिहून देतो. दर सोमवारी यायचं, थोडी थोडी कमी करू. झोप नाही आली तर तेही येऊन सांगायचं. काकूंबद्दल बोलावंसं वाटलं तरी यायचं."

आणि त्याने झोपेची गोळी लिहिली. स्वच्छ अक्षरात, मात्रेसकट, किती दिवस तेही लिहून. मामाने मान डोलावली आणि नाक पुसलं.

सढळराव बाहेर गेला. परीक्षक बाईंनी गुणांचा कागद माझ्यासमोर सरकवला. "थेट नापास. नियम तुमचाच आहे."

"पेशंट आधीच गोळी घेत असेल, तर ती हळूहळू कमी करणंच बरोबर," मी म्हटलं. "एकदम बंद करा म्हणाला असता, तर मी त्याला हाकलला असता."

"पण हा पेशंट गोळी घेत नाही. भूमिकेत तसं नाही. तुमच्या मामांचं वय झालं, ते चुकले. त्याचे गुण मी कसे देऊ? दुसरा नट आणून पुन्हा घ्या."

नियमापुरतं बाईंचं चूक नव्हतं. मामा विसरला असं म्हणून परीक्षा पुन्हा घेतली, तर माझी झाकली मूठही तशीच राहिली असती. मी मामासमोर जाऊन बसले.

"मामा, संवाद विसरलास का रे?"

"मी?" मामाला तो अपमानच वाटला. "उभ्या जन्मात विसरलो नाही."

"मग?"

"तू कधी असं विचारलंच नाहीस, पोरी. तू आलीस की घाईत असतेस, डबा देतेस, रागावतेस, जातेस. त्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. माझ्याच्याने खोटं बोलवेना."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वर्गाला पढवायचे ते प्रश्न मी घरच्या माणसाला विचारले नव्हते. आणि माझ्या विद्यार्थ्याने ते माझ्याहून चांगले विचारले, याचा अभिमान त्या रडण्याहून मोठा होता. दोन्ही एकदमच आलं.

परीक्षक बाई चष्मा काढून उभ्या होत्या. "मग हा कागद नटाचा धरायचा की पेशंटचा?"

"पेशंटचा," मामा म्हणाला. टेबलावरची चिठ्ठी उचलून त्याने नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"मामा, ती परीक्षेची आहे. खिडकीवर चालायची नाही. तो अजून पास नाही झालेला."

"मग कर ना त्याला पास," मामा म्हणाला. "मला आज रात्रीपासून सुरू करायचंय."

माझ्याआधी परीक्षक बाईंनी पेन उघडलं.