छापील प्रश्न

"मागच्या पंधरवड्यात निराश, हताश वाटलं काय?" कामिनी सिस्टरनं कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला. समोरच्या सुकवारोबाईनं नाही म्हणून मान हलवली. पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही तेच उत्तर. मोठ्या दवाखान्यातून मराठीत भाषांतर होऊन आलेली ही प्रश्नावली बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला विचारायची होती. सुकवारोबाईचं तर बाळ गेलं होतं.

तेव्हा उपकेंद्रात नव्यानं लागलेली मनाली उईके स्टूल ओढून तिच्याजवळ बसली आणि गोंडीत हळूच काही विचारू लागली. सुकवारोबाईनं पदर तोंडात धरला. मग रडत रडत बोलतच सुटली.

"विहिरीवर गेलं का घरी परत येऊच नये वाटते म्हणते," मनालीनं सांगितलं.

कामिनीला काळजी वाटली. पण ती नुसती काळजी नव्हती. अड्याळहून या जंगलपट्टीत आल्यापासून तिनं इथल्या बायांची बाळंतपणं केली होती, चिखल तुडवत घरोघरी गेली होती. सुकवारोबाईचं बाळही तिच्याच हातावर जन्मलं होतं. तिच्यापुढं असं कोणी कधी रडलं नव्हतं. ही पोरगी काल आली.

तिनं डॉक्टरांना फोन करून सुकवारोबाईची हकिगत सांगितली. फोन ठेवता ठेवता हेही सांगितलं, की मनाली प्रश्न बदलून विचारते. ते खोटं नव्हतं. सुकवारोबाईला पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायला बोलवा, पण यापुढं छापल्याप्रमाणेच वाचायचं, असा डॉक्टरांचा निरोप आला.

पुढच्या आठवड्यात सुकवारोबाई पुन्हा आली. मनालीनं खाली मान घालून मराठी कागद वाचला. सुकवारोबाई तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तशी पाहत राहिली. नाही. नाही. नाही.

क्षणभर कामिनीला बरं वाटलं. आता मनाली आणि आपण, दोघी सारख्याच. पण सुकवारोबाई उठली, दाराशी गेली, तशी तिची ती पाय ओढत जाणारी चाल कामिनीला दिसली. तिनं पुढं होऊन तिचा हात धरला, परत आणून बसवलं.

"विचार तिले," ती मनालीला म्हणाली. "तुमच्या बोलीत विचार."

"पण डॉक्टरसाहेब तं..."

"त्यायचं मी पाहून घेईन."

मनालीनं वर पाहिलं. निरोप कुणामुळे आला, ते तिला कळलं असावं. तिनं स्टूल ओढलं आणि सुकवारोबाईजवळ बसली.

कामिनी बाहेर आली, दार लोटून घेतलं. आतून गोंडी ऐकू येत होती, एक शब्द कळत नव्हता. बीपी तपासायला आलेल्या म्हातारीनं दाराला हात लावला, तेव्हा कामिनी आडवी आली.

"थांब जरा, माय," ती म्हणाली. "आत बोलून राहिल्या त्या."