गवतात पडलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. बेसबॉलच्या खेळात झेल घ्यायला डाव्या हातात घालतात ना, तो. मित्रांनो, माझा मालक एमिल हर्नाक पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात पोलादाच्या भट्टीवर कामाला होता आणि कारखान्याच्या संघातून खेळायचा.

मला गायीच्या कातड्यातून कापलं, चामड्याच्या वाद्यांनी ओवलं आणि दुकानाच्या काचेमागे मांडलं. एमिलने घरी नेल्यावर मला तेल चोळलं, माझ्या पोटात चेंडू ठेवला आणि आठवडाभर गादीखाली दाबून ठेवलं. एवढे लाड करणाऱ्या माणसाच्या हातून चेंडू मात्र सुटायचे. चेंडू उडाला की तो आधी एक पाऊल पुढे टाकायचा, मग घाबरून मागे पळायचा. प्रेक्षकांत बोहाचबाई असायच्या. त्या ओरडायच्या, "एमिल, घरून परात आणून देऊ का रे? तिच्यात तरी पडेल!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण त्याची फलंदाजी! तेव्हा फलंदाजीला जाताना हातमोजे मैदानातच टाकून जायची पद्धत होती. मी डाव्या कोपऱ्यात गवतात उताणा पडलेला असायचो. लांबून टोल्याचा आवाज यायचा आणि चेंडू माझ्यावरून कुंपणापलीकडे, रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींवर जाऊन आदळायचा. एका मोसमात एकतीस वेळा मी तो असा जाताना पाहिला. सगळं गाव उभं राहायचं, परातवाल्या बाईसुद्धा.

तरीही शेवटच्या डावात आपला संघ पुढे असला की कप्तान ग्रेडी एमिलला मैदानाबाहेर बसवायचे. त्याच्या जागी टोबी हा चपळ गडी यायचा आणि मला उचलून बाकावर नेऊन ठेवायचा. तीन वर्षं प्रत्येक विजय आम्ही दोघांनी बाकावरून पाहिला.

मग सप्टेंबरातला अंतिम सामना आला. एमिलचा गुडघा पार गेला होता आणि तो त्याचा अखेरचा सामना होता. आठव्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. आमचा एक गडी तळावर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवर, होता. एमिलने असा टोला हाणला की वर पाहता पाहता मला वाघिणीचा पत्रा वाजलेला ऐकू आला. त्याची आणि तळावरच्या गड्याची अशा दोन धावा मिळून आम्ही एका धावेने पुढे गेलो.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाला एमिल थेट माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मागोमाग कप्तान आले.

"चल एमिल, टोबी येतोय."

"कप्तान, आज शेवटचा चेंडू मला इथून बघू द्या."

"आणि तुझ्याकडेच आला तर?"

"तर मला शिव्या पडतील."

"मलाही पडतील, गाढवा."

मग कप्तानांनी वाकून मला उचललं, माझ्यावरची माती झटकली आणि एमिलच्या हातात दिलं.

दोन गडी बाद झाले; तिसरा बाद झाला की सामना आमचा. समोरच्यांचे दोघे तळांवर होते. आणि चेंडू उडाला, उंच, आमच्याच दिशेने. एमिलने नेहमीप्रमाणे एक पाऊल पुढे टाकलं, मग लंगडत मागे धावला, अडखळला आणि पाठीवर पडला. पडता पडता त्याने मला वर धरलं. चेंडू माझ्या बोटांच्या टोकाला लागला, निसटायला लागला. मी सगळ्या वाद्या ताणून त्याला धरून ठेवलं. एमिल पडल्या पडल्या हसत होता. पहिला धावत आला तो टोबी.

मित्रांनो, एमिलची बॅट आज कारखान्याच्या क्लबच्या भिंतीवर मिरवते आहे. मी वीस वर्षं मोटारीच्या शेडमध्ये वाळलो, तडकलो. आता त्याची नात रूथ मला अधूनमधून तेल लावते. तुमच्या हातमोज्यांनाही लावत जा. आणि तुमच्या संघात ज्याच्या हातून झेल सुटतात, त्याला शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानात उभं राहू द्या.