साध्या पाण्याचा ट्रे

प्रयोगशाळेच्या ओट्यावर स्टीलचा चिमटा. आईच्या लोणच्याची रिकामी बरणी. ओट्याखाली गावाकडचा कुत्रा, चालताना जमिनीत रुतणारा. सावलीत वाळत घातलेलं मेथीचं बी. त्या मेथीत, कडेच्या दाण्यांत, रेवतीची आई.

"इतकी शिकलीस, अन् आईला ओळखायला भिंग लागतंय होय गं?" आई म्हणाली.

रेवती आगलावेने भिंग खाली ठेवलं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. एरवीही तिच्यापाशी कुणी थांबत नसे.

"कशी आलीस?"

"तुझ्या मातीच्या पोत्यातून. आपल्या परसातलीच की ती."

परसामागच्या नाल्यातून कारखान्याचं पाणी वाहायचं. त्यातलं विषारी कॅडमियम मातीत मुरलं आणि तिथं काही रुजेना. रेवतीचा प्रयोग साधा होता. अर्धं बी जस्ताच्या नॅनोकणांच्या पाण्याच्या ट्रेमध्ये भिजवायचं, अर्धं नुसत्या पाण्याच्या, आणि दोन्ही त्याच मातीत पेरायचं. नुसत्या पाण्यातलं मेल्याशिवाय दुसरं जस्तामुळे वाचलं हे सिद्ध होत नाही. कोणता दाणा कुठे जाणार, ते चिठ्ठी ठरवायची.

"मग माझी चिठ्ठी काढ की," आई म्हणाली.

निघालं: साधं पाणी.

"पुन्हा काढते."

"सागरगोट्या खेळतानाही तुझा असाच रडीचा डाव," आई म्हणाली.

रेवतीने मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, एकच दाणा इकडचा तिकडे केला तर?"

"आगलावे, मग तो प्रयोग राहत नाही. ती माया होते."

फोन जड होत गेला. तिने तो ओट्यावर ठेवला तशी फरशी तडकली. भिंती एक पाऊल आत आल्या. दार होतं तिथं आता पोतं होतं.

तिने आईला चिमट्यात धरलं आणि जस्ताच्या पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलं.

"गार आहे गं," आई म्हणाली आणि तळाशी जाऊन बसली.

साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये एक खळगा रिकामा राहिला. रिकामा ठेवून चालणार नव्हतं. भिंती आणखी एक पाऊल सरकल्या. रेवतीने चपला काढून बाजूला नीट लावल्या. खळगा तिच्याच मापाचा निघाला. पोत्यातली माती घोट्यांवर आली, मग गुडघ्यांवर. मातीला परसाचा वास होता.

शेजारच्या ट्रेमधून हाक आली, "रेवे, भिजलीस का गं?"

आई फेब्रुवारीत गेली. मातीचं पोतं मे महिन्यात आलं.