चार मिनिटांवरचा दवाखाना

अलास्कातल्या आमच्या ताकुत गावातला दवाखाना गेल्या महिन्यात बंद झाला. आता हे झालंच नाही असं धरून चालू. गावात सगळे तसंच धरून चालतात आणि आरोग्यसेविका पेलागिया रोज सकाळी कुलूप काढते.

बंद करायला अँकरेजहून आरोग्य खात्याचे होल्कम्ब साहेब आले होते. नकाशावर पट्टी ठेवून म्हणाले, "खाडीपलीकडे मोठा दवाखाना आहे. या धावपट्टीपासून त्या धावपट्टीपर्यंत सरळ नऊ मैल, विमानाने चार मिनिटं. मग इथे दुसरा हवाय कशाला?" सही ठोकली आणि बॅग उचलून परतीच्या विमानासाठी निघाले.

आमच्याकडे विमान येणार की नाही, ते मात्रोना मावशी ठरवते. ती दारात उभी राहते. पलीकडचा डोंगर दिसला, तर वायरलेसवर वैमानिकाला सांगते, "ये." नाही दिसला, तर चहा ठेवते.

मावशीने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशीही चहाच. साहेब शाळेच्या फरशीवर झोपायचे, पाहुणे तिथेच झोपतात. सकाळी उठून विचारायचे, "मावशी, आज?"

"डोंगराला विचारा. तो तुमच्या खात्यात नाही, म्हणून ऐकत नसेल."

असा आठवडा गेला. मग एका दुपारी मावशीकडे जेवताना वाळवलेल्या सॅल्मन माशाचा काटा साहेबांच्या घशात रुतला.

"पलीकडे न्या मला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मावशीने बाहेर पाहिलं. धुक्यात खिडकीची काच तेवढी दिसत होती. "नेते की. चार मिनिटांचा तर प्रश्न आहे."

साहेबांनी शेजारी जेवायला बसलेल्या पेलागियाकडे बोट केलं.

"मी कोण? तुम्हीच मला घरी बसवलंत. बसलेय."

"अहो, काढा ना काटा!"

"म्हणजे दवाखाना उघडू?"

साहेबांनी इतक्या जोरात मान डोलावली, की काटा आणखी आत गेला.

पेलागियाने दवाखाना उघडला, घशात उजेड पाडला, चिमट्याने काटा ओढला आणि बशीत ठेवून साहेबांना दाखवला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी डोंगर दिसला. साहेब सगळ्यांशी हात मिळवून विमानाने खाडीपलीकडे गेले आणि त्यांनी अहवालात अगदी प्रामाणिकपणे लिहिलं: 'प्रत्यक्ष प्रवास करून पाहिला. चारच मिनिटे लागली. निर्णय कायम.'

पेलागियाने अहवाल वाचला, घडी करून दवाखान्याच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आम्ही मात्र रीतसर अर्ज केलाय, खाली सगळ्या गावाच्या सह्या आहेत:

'माननीय महोदय, आपला निर्णय खाडीवरील धुक्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. तरी सदर धुक्यास आपल्या कार्यालयात बोलावून लेखी समज द्यावी, आणि ते जातीने हजर होईपर्यंत आमचा दवाखाना चालू ठेवण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.'