वीस शब्दांची साखळी

बापूराव मास्तरांनी एक भानगड करून ठेवली होती. वाईट मनानं नव्हे, पोटासाठी. मंगरूळपीरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत ते चार वर्षं हंगामी मास्तर होते. एकोणीसशे अठरा सालच्या दिवाळीआधी निरोप आला, शाळा तपासायला साहेब येतोय. या साहेबाची खोड सगळ्यांना ठाऊक होती. वर्गात शिरला की तो इंग्रजीत बाहेरून आलेल्या शब्दांची अनेकवचनं म्हणून दाखवायला सांगायचा. जमलं तर मास्तर कायम, नाही तर घरी!

"हे शब्द म्हंजे सासरी आलेल्या सुना," मास्तर शिकवायचे. "राह्यतात इंग्रजीच्या घरात, पन लुगडं नेसतात माहेरच्या रीतीनं. म्हनून रेडियसचं रेडिआय, डेटमचं डेटा." पोरं खिदळायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून यायची. मग मास्तरांनी डोकं लढवलं. वीस पोरं, वीस शब्द, एकाला एकच. ओळीनं उठायचं, आपापला शब्द म्हणायचा आणि खाली बसायचं. साहेबाला वाटावं, अख्खा वर्ग पंडित!

तेवढ्यात तापाची साथ आली. गावात रोज तिरड्या उठू लागल्या. शहाण्या माणसानं शाळेला कुलूप लावलं असतं. मास्तरांनी मात्र आडव्या झालेल्या तीन पोरांचे शब्द रामरावला पाठ करायला दिले. एवढं डोकं वर्गात त्याचंच होतं. गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणाऱ्या प्रयागबाईचा हा एकुलता एक लेक. बाप लहानपणीच गेलेला.

साहेब यायच्या दिवशी रामराव आला तो डोळे लाल करून. मागोमाग प्रयागबाई धावत आली.

"मास्तर, पोरगं तापानं फणफणून राह्यलं. मी भाजी तोडाले गेली अन् हा निसटला. याले घरी नेतो मी."

मास्तरांनी रामरावच्या कपाळाला हात लावला. हात भाजला. हे त्यांना कळलं नाही असं कुणी म्हणू नये, चांगलं कळलं. पण रामराव गेला तर एका दमात चार शब्द जात होते.

"घंटाभर बसू द्या, बाई. साहेब गेला की मीच आनून सोडतो."

"बसतो मी, माय," रामराव म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

मास्तर बोलला म्हणजे झालं. प्रयागबाई शाळेच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिली.

घंटाभर म्हणता तीन तास गेले. साहेब दुपारी आला. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला, खोकणारी पोरं बघितली आणि दोन पावलं मागे सरकला. बाहेरच्या बाहेर सही करून, शिस्त चांगली आहे असा शेरा मारून टांग्यात बसून गेला. एक शब्द विचारला नाही मेल्यानं!

तिसऱ्या दिवशी रामराव गेला. त्याच्या बाकावरची आणखी दोघं त्याच आठवड्यात गेली.

नोकरी कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी मास्तर मळ्यात गेले. प्रयागबाई वाफ्याच्या कडेला बसली होती. मेथी फुलावर आली होती, कुणी खुडली नव्हती.

"मास्तर, तापात तो सारखं काही तरी म्हने. डेटा, रेडिआय, असंच काही तरी. मी पानी दिलं, नाई म्हने. काय मागे तो?"

"मागत नव्हता, बाई. शाळेचा धडा व्हता."

"बरोबर व्हता का?"

"एकही चुकला नाई."

प्रयागबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"मंग सायबापुढंबी असंच म्हनला असन. काय म्हनला सायब त्याले?"

मास्तरांनी खिशातल्या कागदावर हात दाबून धरला. खोटं बोलायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

"साहेबानं इचारलंच नाई, बाई."

तिनं हातातला पदर खाली सोडला.

"मंग कायले बसवलं व्हतं त्याले?"