दांडा आणि कडी

इराणातल्या यझद शहरात पाहुण्यांना काय दाखवायचं, हे मला कुणी शिकवू नये. घरात वारा ओढून घेणारे मनोरे, मातीच्या गल्ल्या आणि शेवटी तलअत खानुमचं दार. त्याच्या एका फळीवर जाड लोखंडी दांडा, पुरुषांनी वाजवायचा. दुसरीवर नाजूक कडी, ती बायकांची. आवाजावरूनच आतल्या बाईला कळायचं, डोक्यावर चादर घेऊन यायचं की तसंच. “वाजवा की,” मी म्हणायचो. लोक वाजवायचे, हसायचे, फोटो काढून चालते व्हायचे. आत सत्तरीची बाई एकटी राहते, हे मी सांगत नसे. सांगितलं तर मजा जाते ना.

जुलैतल्या भर दुपारी, रश्तहून बायकोसोबत आलेले फरामर्झ मास्तर त्याच दारासमोर भिंत धरून बसले ते आडवेच झाले. अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही. बाटल्या रिकाम्या, शेजारच्या घरांना कुलपं. अँब्युलन्सला अजून वीस मिनिटं होती.

मी दांडा आपटला. आत सपाता वाजल्या आणि दाराशी थांबल्या.

“फोटो झाला असेल तर निघा.”

“खानुम, मी बेहरूझ. इथं माणूस मरतोय. पाणी द्या.”

“कालही तुझा एक पाहुणा मेला होता. मी सरबत घेऊन धावले, तर खिदळत उठला आणि माझाच फोटो काढला.”

मास्तरांच्या बायकोने रडत कडी वाजवली.

“रडणारीही होती काल,” आतून आवाज आला. सपाता लांब जायला लागल्या.

मास्तरांचे डोळे फिरले. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी उंबऱ्याशी उकिडवा बसलो आणि तळहातांनी दार खालून बडवायला लागलो. लहानपणी याच गल्लीत राहायचो, तेव्हा हात ना दांड्याला पुरायचा ना कडीला. तहान लागली की तिचं हेच दार असंच बडवायचो.

सपाता थांबल्या. अडसर सरकला.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “पाय धर त्यांचे.” तळघरातल्या गारव्यात नेऊन तिने ओली फडकी गुंडाळली. अँब्युलन्सवाले आले तेव्हा मास्तर चहा मागत होते.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातात पक्कड दिली.

“जीभ फार चालते तुझी. आता हात चालव. दोन्ही काढ.”

मी दांडा काढला, कडीही काढली. लाजेने मान वर होत नव्हती.

“आणि कुणाला खरंच गरज पडली तर?” मी विचारलं.

“तो बसेल की खाली,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.